उजवा कान

करंजपेठेत सरकारी बुगडी आली तेव्हा पहिला कान मुकुंद वेदपाठकाने स्वतःचाच पुढे केला. लोकांना वाटलं, धाडसाचा माणूस. खरं तर त्याला ती कुणापेक्षाही जास्त हवी होती, पण हे तो कुणाला सांगणार?

मुकुंद सोनार. पेठेत चौथ्या पिढीचं दुकान. बाराव्या दिवशी बाळाचे कान टोचायचे ते वेदपाठकांनीच, असा गावाचा रिवाज. त्यामुळे गावातल्या निम्म्या कानांना त्याच्या वडिलांचा हात लागलेला आणि उरलेल्या निम्म्यांना त्याचा. हात इतका हलका की तार आरपार गेल्यावर मग पोराला रडायची आठवण व्हायची. पण सोनाराचं दुकान म्हणजे गिऱ्हाईक आलं तर दोन तास उठत नाही, आणि नाही आलं तर दिवसभर माशीसुद्धा फिरकत नाही. हा सगळा रिकामा वेळ मुकुंदने फोनला वाहिला होता. सकाळी सुविचार, दुपारी घरगुती उपाय, संध्याकाळी कुणाकुणाची भांडणं. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी त्याचा एक डोळा मांडीवरच्या फोनवर असायचा.

सात वर्षांपूर्वीच्या साथीत त्याने एक व्हिडिओ टाकला. सोनार दागिना जोडायला टाका लावताना टाकणखार वापरतात, आणि पोरांचं तोंड आलं की तव्यावर फुलवलेली त्याची लाही घराघरात लावतात. मुकुंदने कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं, की ही लाही मधातून पाच वेळा चाटली की छातीतला ताप उतरतो, दवाखान्याची गरज नाही. माहिती कुठून तरी आलेली, तोंड फक्त त्याचं. पण सोनार सांगतोय म्हटल्यावर लोकांना पटलं. टाकणखार त्याच्याइतका कुणाला कळणार? तीन दिवसांत चार लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. मुकुंद दर पाच मिनिटांनी आकडा बघायचा, जेवताना बघायचा, न्हाणीघरातही फोन घेऊन जायचा. शेजारचे बापू गुरव चार दिवस लाही चाटत घरी थांबले आणि पाचव्या दिवशी गेले. त्यांच्या मयतीत उभं असतानाही मुकुंदचा अंगठा खिशातल्या फोनवर फिरत होता. हे त्याचं त्यालाच कळलं आणि त्या दिवसापासून त्याला स्वतःची किळस यायला लागली. फोन मात्र सुटला नाही.

आता ही बुगडी काय होती ते सांगायला हवं. तिचं कागदावरचं नाव 'शमक'. भीतीचा किंवा रागाचा मजकूर वाचला की माणसाची छाती धडधडते, आणि त्या धडधडीतच त्याचं बोट पुढे पाठवायच्या खुणेवर पडतं. विचार करायला तो दहा सेकंदसुद्धा घेत नाही. ती दहा सेकंदं शांत गेली तर बहुतेक अफवा तिथेच मरते. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारा एक लांब मज्जातंतू असतो, तो शरीराचा ब्रेकच म्हणा. त्याची एक बारीक फांदी कानाच्या वाटीत, अगदी कातडीखाली येते. शमक तिथे बसायचा. नाडी एकदम वाढली की तो त्या फांदीला मुंगी चावावी एवढा विजेचा झटका द्यायचा. धडधड खाली यायची, हातातला फोनही खाली यायचा. फोनचं व्यसन सोडवण्यासाठी निघालेलं हे यंत्र आरोग्य खात्याने नव्या साथीच्या तोंडावर उचललं, कारण मागच्या खेपेला तापाने नेली नाहीत एवढी माणसं अफवांनी नेली होती.

शमकची पिन बसवायला कान जाणणारा हात हवा, आणि एवढ्या परिचारिका आणायच्या कुठून? करंजपेठच्या डॉक्टर नफिसा मुजावर बैठकीत हसून म्हणाल्या, "सोनारानेच कान टोचलेले बरे." चार तालुक्यांतल्या सोनारांना एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. डावा कान, वाटीची वरची बाजू, मागून फिरकी. फिरकी इतकी घट्ट की चिमट्याशिवाय निघू नये, नाहीतर लोक दुसऱ्याच दिवशी काढून फडताळात ठेवतील. सोबत अठरा पानांची पुस्तिका.

मुकुंदने त्याच दिवशी डाव्या कानात शमक बसवून घेतला. संध्याकाळी फोन उघडला तर एकशे सहा निरोप पडलेले. कानात मुंगी आली आणि गेली. त्याने फोन पालथा ठेवला आणि सात वर्षांत पहिल्यांदा घासाची चव घेत जेवला.

त्याची बायको उज्ज्वला समोर बसून हे बघत होती. तिला मात्र बुगडी घालता आली नव्हती. तिच्या कानाला सोन्याशिवाय काही चालत नसे, लगेच चिघळायचा, आणि शमकची पिन पोलादी. "सोनाराची बायको, कानाला सोनंच लागणार," असं लोक चिडवायचे. तीही हसायची आणि मग फोनवरचं काहीतरी सगळ्यांना वाचून दाखवायची.

बायकांनी शमक बुगडी म्हणून आनंदाने घातला. पुरुषांचं अडलं.

मुकुंदचा धाकटा भाऊ विश्वनाथ हायस्कुलात चित्रकला शिकवायचा आणि गावच्या लेझीम मंडळाचा तो प्रमुख. भरघोस मिशी, सणाला फेटा. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मुकुंदने आणि पुढे उज्ज्वलाने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. तो दुकानात आला, आरशात बघितलं आणि डावा कान हाताने झाकून बसला.

"दादा, भिकबाळी डाव्या कानात घातलेला एक तरी गडी दाखव मला."

"ही भिकबाळी नाही, विसू. मशीन आहे."

"गाव तर भिकबाळीच म्हणायलंय. उजव्या कानात घाल, उद्या मंडळाची साठ पोरं घेऊन येतो. डाव्यात घालणार असशील तर मीच घालत नाही. मग पोरं कशाला घालत्यात?"

मुकुंदला हसू आलं आणि पटलंही. भिकबाळी उजव्याच कानात, हे त्यालाही वडिलांनीच शिकवलेलं. 'डावा' का, ते पुस्तिकेत कुठेतरी असणार. पण वजनकाटा डुगडुगायचा म्हणून पुस्तिका काट्याच्या पायाखाली गेली होती. लोक फोन उजव्या कानाला लावतात, त्याला अडचण नको म्हणून डावा म्हटलं असेल, असं त्याने आपल्या मनाशी ठरवून टाकलं. भावाच्या उजव्या कानात पिन घातली. विसूने डोळासुद्धा मिटला नाही.

"फक्कड!" तो आरशात बघून म्हणाला.

महिनाभरात मुकुंदने विसू धरून दोनशे बारा पुरुषांच्या उजव्या कानात शमक बसवला. शेजारच्या तालुक्यांतल्या सोनारांनीही एकमेकांना न विचारता हाच शहाणपणा केला होता.

पुढचे तीन महिने करंजपेठ इतकं शांत होतं, की हॉटेलवाला म्हणायचा, माझ्या चहाची चवच गेली. लोक येत, चहा पीत आणि उठून जात. कोण कुणाला काय म्हणालं, याची चौकशीच होईना. पोरगी शेजारच्या मुलाबरोबर पळून गेली तरी बाप "बरं" म्हणाला. फोन घराघरात कोनाड्यात पडून असत, वाजले तरी उचलायची कुणाला घाई नसे. मुकुंदला हे सगळं फार बरं वाटत होतं, म्हणजे वाईट वाटत नव्हतं. बापू गुरवांच्या घरावरून जाताना पूर्वी त्याची मान खाली जायची. आता ती सरळ राहायची.

श्रावणानंतर माळताप आला. दोन दिवस अंग भाजून काढणारा ताप, तिसऱ्या दिवशी उतार. डॉक्टर मुजावरांनी सांगितलं तसं लोक वागले. घरात थांबले, तोंड झाकलं, कुणी कुणाला काढा पाजला नाही. दोन म्हातारी माणसं गेली, ती जाणारच होती. मग लेझीम मंडळातला ढोलवाला तानाजी गेला. बत्तीस वर्षांचा, खांद्यावर पोतं घेऊन जिना चढणारा गडी. ताप आला, झोपला, उठला नाही. आठवड्यात तसेच आणखी दोघे. डॉक्टरांना उलगडा होईना; शमक बसवायचं काम सोनारांचं, तो कुणाच्या कोणत्या कानात आहे हे त्यांनी बघितलंच नव्हतं. त्यांनी जिल्ह्याला कळवलं.

तानाजीच्या मयतीत कुणी रडलं नाही. त्याची आईसुद्धा नीट उभी होती, पदर सावरत. एकटी उज्ज्वला हुंदके देत होती आणि लोक जरा अवघडून तिच्याकडे बघत होते. मुकुंदलाही तिची थोडी लाज वाटली.

सोमवारी दुपारी सगळ्यांच्या फोनवर एक मजकूर आला.

'उजव्या कानातलं मशीन ताबडतोब काढा!!! ताप आला की नाडी वाढते, मशीनला वाटतं माणूस घाबरला, ते झटके देतच राहतं!!! उजवीकडचा तंतू थेट हृदयाला जातो!!! ठोके बंद पडतात!!! माझा सख्खा भाऊ गेला!!! सगळ्यांना पाठवा!!!'

खाली कुणा परिचारिकेचं नाव होतं, लांबच्या गावातल्या. मुकुंदने वाचलं. अफवा कशी ओळखावी हे शमकच्या प्रचारात त्याने स्वतः शाळेत पालकांना शिकवलं होतं. उद्गारचिन्हं मोजा, कुणीतरी सख्खं गेलेलं असतं, शेवटी 'सगळ्यांना पाठवा' असतं. इथे सगळं होतं. छातीत काहीतरी हललं, कानात मुंगी आली, छाती खाली बसली. 'उजवा कान' हे दोन शब्द मात्र डोक्यात राहिले. संध्याकाळी पुस्तिका बघू, असं त्याच्या मनात आलं. संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि त्याने पुस्तिका काही बघितली नाही. विसरला असंही नाही. आठवत होतं, फक्त उठावंसं वाटत नव्हतं. भीतीला आपण नावं ठेवतो, पण माणसाला अंथरुणातून उठवते ती बहुतेक वेळा तीच.

उज्ज्वलाने मात्र भांडी टाकून धाव घेतली. "अहो, वाचलंत का? विसूभावजींच्या उजव्या कानात आहे ना?"

"फॉरवर्ड आहे ते, उज्ज्वला."

"पण तानाजी—"

"गेल्या महिन्यात पिठातून विषाणू येतो म्हणालीस. त्याआधी पंख्यातून. दोन दिवस घरात पंखा लावू दिला नाहीस."

ती भांड्यांकडे परतली. लांडगा आला रे आला असं तिने इतक्यांदा केलं होतं, की आता तिचं तिलाच खरं वाटेना. तिने तीन दिवस तो मजकूर पुन्हा पुन्हा उघडून वाचला.

गुरुवारी सकाळी धाकट्या जावेचा, रेवतीचा, फोन आला. बोलणं अगदी संथ. विसूला काल रात्रीपासून ताप आहे, आता शांत झोप लागलीय, नाडीसुद्धा छान हळू आहे.

उज्ज्वला तशीच दुकानात आली. तिने वजनकाटा उचलला, पायाखालची पुस्तिका ओढली, पानं भराभर उलटली आणि अकरावं पान मुकुंदच्या पुढ्यात धरलं. "वाचा. मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. शमक डाव्याच कानात बसवावा. उजव्या बाजूचा तंतू हृदयाला ठोका देणाऱ्या गाठीपर्यंत पोचतो. निरोगी अवस्थेत फरक जाणवणार नाही, परंतु तापासारख्या कारणाने नाडी सतत वाढलेली असल्यास यंत्र सतत झटके देईल व ठोके धोकादायकरीत्या मंदावतील.

दुकानातल्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"कळलं ना?" उज्ज्वला चपला घालत होती. "मी रिक्षाने डॉक्टरांना आणायला जाते, केंद्र त्या टोकाला आहे. तुम्ही चिमटा घेऊन विसूभावजींकडे जा. आठ मिनिटांची वाट आहे. आत्ता निघा. निघताय ना?"

"निघतो," मुकुंद म्हणाला. खोटं बोलावं असं त्याच्या मनातही नव्हतं.

ती गेली. त्याला सगळं कळलं होतं, एकेक शब्द. भाऊ मरू शकतो, हेही कळलं होतं. ते कळताच छातीत मोठी उसळी आली आणि कानात मुंग्याच मुंग्या झाल्या, एवढ्या की डोळ्यांत पाणी आलं. मग सगळं निवलं. समोर एका पैंजणाचा टाका तापत होता. अर्धवट सोडला तर चांदी फुकट जाईल. त्याने तो पुरा केला, पैंजण पाण्यात टाकलं. विसूला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला, आणि पुन्हा लावायचं त्याच्या मनात आलं नाही. हत्यारं पुसून पिशवीत भरली. तेवढ्यात हॉटेलातून रोजचा चहा आला. तो त्याने घेतला, गरम होता म्हणून सावकाश घेतला. साडेअकराला दुकान ओढून घेतलं आणि चालायला लागला. वाटेत मुल्लाणींच्या घरची सून भेटली. नथीचा मोती सैल झालाय, कधी आणू, असं विचारत होती. तिला त्याने नीट समजावून सांगितलं.

विसूच्या दारात तो पोचला आणि तिकडून रिक्षा आली. उज्ज्वला उतरली, मागून डॉक्टर मुजावर; त्या केंद्रात नव्हत्या, लांबच्या वाडीवर पेशंट बघायला गेल्या होत्या, त्यांना गाठण्यातच तास गेला होता. उज्ज्वलाने त्याला बघितलं, त्याच्या खांद्यावरची पिशवी बघितली.

"तुम्ही आत्ता येताय?" ती म्हणाली.

आत विसू कुशीवर झोपला होता, उजवा कान वर. रेवती उशाशी बसून त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. "शांत झोपलेत," ती म्हणाली. "मघापासून कूस पण बदलली नाही." डॉक्टरांनी मनगट धरलं, छातीला नळी लावली, बराच वेळ लावून ठेवली. मग म्हणाल्या, की जाऊन अर्धा तास झाला असेल, सव्वाअकराच्या आसपास.

रेवतीने मान डोलावली आणि पट्टी पाण्यात बुडवून पुन्हा पिळली. उज्ज्वला ओरडायला लागली ती थांबेचना. मुकुंदने चिमटा काढला, भावाच्या कानामागची फिरकी धरली आणि दोन वळशांत काढली. कान अजून गरम होता.

"वेदपाठक," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. शमक त्यांनीही घातला नव्हता, रात्री-अपरात्री पेशंटसाठी उठावं लागतं म्हणून. "उजव्या कानात किती जणांना बसवलेत?"

"दोनशे बारा. चार गेले. राहिले दोनशे आठ."

"गाडीवरून पुकारा करते मी. पण लोक ऐकतील आणि बसून राहतील. तुम्हाला घरोघर जावं लागेल. होईल तुमच्याच्याने?"

"हात स्थिर आहे," मुकुंद म्हणाला. आणि तो खरोखरच होता.

तीन दिवस तो आणि उज्ज्वला घरोघर फिरले. ती यादी बघून हाक मारायची, तो चिमटा चालवायचा. प्रत्येक दारात तो तेच सांगे. "चूक माझी झाली. डाव्या कानात घालायची होती, मी उजव्या कानात घातली. यातनं माणसं गेली. माझा भाऊ पण गेला." समोरचा माणूस ऐकून घेई. "असू दे," म्हणे, आणि कान पुढे करी. फिरकी निघाली की दोघं पुढच्या घरी जात. आणि मग मागच्या घरात आवाज उठायचा. आधी भांडं आपटल्याचा, मग शिव्यांचा. तीन महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम वर येत होतं. तानाजीचा चुलता पहिल्या गल्लीतून धावत आला आणि त्याने मुकुंदची कॉलर धरली. त्याच्या तोंडाला फेस आला होता. "आमचं पोरगं मारलंस तू, सोनारा!" उज्ज्वलाने पाया पडून त्याला बाजूला केलं. पुढचं घर शांत, मागचं घर रडतंय, असे ते दोघं गल्लीमागून गल्ली चालत राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्मं गाव मोठ्याने रडत, भांडत होतं. दोघांपर्यंत पोचायला उशीर झाला. दोनशे सहा कान मोकळे झाले.

"आता तुमचा," उज्ज्वला त्या संध्याकाळी म्हणाली.

"माझा डावा आहे. त्याने काही होत नाही."

"म्हणून म्हणत नाही मी."

"उद्या काढू," मुकुंद म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला. त्याला नीट माहीत होतं की पलीकडे काय थांबलंय, आणि तो काही वेडा नव्हता. रेवतीची बुगडी उज्ज्वलाने सुताराच्या पकडीने तिसऱ्याच दिवशी काढली होती. तेव्हापासून रेवतीच्या डोळ्याचं पाणी खळलं नव्हतं. मुकुंदने भावाचे सगळे विधी केले, पिंडाला कावळा शिवेपर्यंत उन्हात उभा राहिला. गुरुजी म्हणाले, मोठा धीराचा माणूस.

तेराव्याला माणसं जेवून पांगली. रेवती आली आणि मुकुंदसमोर खाली बसली. दहा-बारा दिवसांत ती निम्मी झाली होती.

"दादा, एक विचारते. खरं सांगाल?"

"विचार."

"ताईंनी ती पुस्तिका तुमच्यापुढं धरली, तेव्हा किती वाजले होते?"

"रेवती, आज नको गं," उज्ज्वला दारातून म्हणाली.

"पावणेअकरा," मुकुंद म्हणाला. लपवावं असं त्याला वाटलं नाही. लपवायला आधी लाज वाटावी लागते.

"वाचून कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं होतं."

"मग?"

"पैंजणाचा टाका तापला होता, तो पुरा केला. विसूला एकदा फोन लावला. हत्यारं भरली. चहा आला, तो घेतला. साडेअकराला निघालो. वाटेत मुल्लाणींच्या सुनेशी नथीचं बोललो. पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते."

त्याने हे दागिन्याची घडण सांगावी तसं क्रमाने सांगितलं. रेवती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तिची नजर त्याच्या डाव्या कानावर गेली.

"काढा ते."

"उद्या काढणार आहे."

"आत्ता. माझ्यासमोर काढा. आणि मग हेच परत सांगा मला."

मुकुंदने बायकोकडे बघितलं. ती आत गेली, पिशवीतला चिमटा आणला आणि त्याच्या हातावर ठेवला.

आरसा नव्हता. बोटांनी चाचपून त्याने फिरकी धरली. इतक्या फिरक्या उघडलेल्या हाताला हीही जड गेली नाही. पिन सुटली. त्याने ती जमिनीवर ठेवली. बाहेर कुणीतरी जेवणाची भांडी घासत होतं, राखेचा घरघर आवाज येत होता. तो आवाज मुकुंदला एकदम फार मोठा वाटायला लागला.

"सांगा," रेवती म्हणाली.

"पावणेअकराला उज्ज्वलाने पुस्तिका धरली," मुकुंद म्हणाला. "मी वाचली. विसूला ताप... विसूचं घर आठ मिनिटांवर..." तो थांबला. हात कापत होता, तो त्याने दुसऱ्या हाताने दाबून धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "पावणेअकराला..."

पुढचा शब्द तोंडातून फुटेना. तोंड उघडं राहिलं, आणि त्यातून जो आवाज आला तो ऐकून अंगणातली भांडी घासायची थांबली.

रेवती हलली नाही.

"सांगा," ती म्हणाली. "मी बसलेय."